बारमाही बाग आणि एका रात्रीचे फूल

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात राहणाऱ्या एका गृहस्थांनी तीन वर्षांपूर्वी गच्चीवर साठेक कुंड्यांची बाग केली. डिसेंबरात रोपवाटिकेतून आणलेले पेट्युनिया आणि फ्लॉक्स मार्चमध्ये करपले. वर्षभर वाट पाहायला लावणारे ब्रह्मकमळ एका रात्रीत मान टाकून मोकळे झाले. जास्वंद संध्याकाळी मिटते आणि प्राजक्त तर सकाळी झाडावर नसतोच. "माझ्या आजोळी, वाईला, बाग कायम फुललेली असे," असे ते लिहितात आणि विचारतात की फुले अधिक दिवस टिकावीत म्हणून काय घालावे किंवा काय फवारावे, आणि बारा महिने फुलणारी बाग हवी असेल तर कोणती झाडे लावावीत.

गेली बत्तीस वर्षे मी लोकांच्या बागा लावण्याचे आणि राखण्याचे काम करते, आणि हे दोन प्रश्न मला दरवर्षी चैत्रात हमखास विचारले जातात. पहिल्याचे उत्तर तुम्हाला आवडणार नाही: झाडावरच्या फुलाचे आयुष्य वाढवणारे, घरी वापरण्याजोगे असे कोणतेही औषध मी कधी कोणाला सांगितलेले नाही, कारण फूल किती काळ टिकणार हे बरेचसे त्याच्या जातीतच ठरलेले असते आणि उरलेले ऊन, पाणी व हवा ठरवतात. दुसऱ्याचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्यासाठी बारमाही फुलणारी झाडे शोधत बसण्याऐवजी एकामागून एक फुलणाऱ्या झाडांची साखळी लावावी लागते, आणि त्या साखळीतली बरीचशी झाडे कोणत्याही क्षणी बिनफुलांची उभी असणार हे आधीच मान्य करावे लागते.

आजोळच्या बागेचा विषय आधी संपवते. तुम्ही तिथे बहुधा मे महिन्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत जात असणार. मे महिन्यात मोगरा ऐन बहरात असतो, वळवाची एखादी सर पडून गेली की अनंत फुलू लागतो, सोनचाफ्याचा वास ओसरीपर्यंत येतो. दिवाळीत शेवंती आणि झेंडूचे वाफे भरलेले असतात. त्याच बागेत फेब्रुवारीत गेला असता तर तुम्हाला छाटलेल्या मोगऱ्याचे खुंट, उकरलेली आळी, शेणखताचा ढीग आणि पाने गाळून बसलेला देवचाफा दिसला असता. आजीने ते सगळे पाहिले होते आणि केलेही होते. तुम्ही पाहुणे होता, म्हणून तुमच्या आठवणीत फक्त बहर उरला आहे.

आता फूल टिकत का नाही, याविषयी. झाडाच्या दृष्टीने फूल हे खर्चाचे काम आहे. पाकळी पानासारखे अन्न तयार करत नाही. तिला साखर पुरवावी लागते, तिच्यातून पाणी उडून जात राहते आणि उमललेले ओलसर फूल म्हणजे बुरशीला आणि किडीला उघडे दारच. त्यामुळे परागण झाले, किंवा त्याची वेळ टळून गेली, की झाड पाकळीतील साखर आणि नत्रासारखी कामाची द्रव्ये जमतील तेवढी माघारी ओढून घेते आणि बाकीचे टाकून देते. ज्याला आपण कोमेजणे म्हणतो ते झाडाने आवरते घेणे असते. फॅलेनॉप्सिस ऑर्किडचे फूल परागण न झाल्यास दोन महिनेसुद्धा तसेच राहते, आणि त्यावर परागकण टेकवले की एक-दोन दिवसांत मलूल होते. म्हणजे टिकण्याची ताकद नसते असे नाही, गरज संपलेली असते. जपानमधील संशोधकांनी २०१४ मध्ये मॉर्निंग ग्लोरीच्या पाकळ्यांचे म्हातारपण घडवून आणणारे एक जनुक शोधले आणि त्याला 'एफेमेरल १' असे नाव दिले. ते दाबून टाकल्यावर एका दिवसाचे ते फूल जवळपास दुप्पट काळ टिकले, आणि सकाळी वेलीवर कालची व आजची फुले एकत्र दिसू लागली. शोध म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो. माझ्या कुंपणावर मात्र मला ती वेल नको, कारण सकाळच्या वेलीचे सगळे देखणेपण आज उमललेल्या फुलांच्या टवटवीत आहे.

आपल्या भाषेने फुलांच्या जाण्याचे प्रकार फार नेमके वेगळे केले आहेत, आणि बागकाम करताना ते मला उपयोगी पडतात. जास्वंद कोमेजते, म्हणजे तिच्या पाकळ्यांतले पाणी ओसरते आणि ती गुंडाळी होऊन देठासकट खाली येते. गुलाब झडतो, एकेक पाकळी सुटी होऊन. शेवंती देठावरच वाळते. आणि प्राजक्त गळतो. गळणे हे कोमेजण्यापेक्षा मुळातच निराळे आहे, कारण गळणारे फूल ताजे असते. पहाटे साडेपाचच्या सुमारास प्राजक्ताखाली पाच मिनिटे उभे राहून पाहा. वारा नसतानाही फुले सुटतात, गोल फिरत खाली येतात आणि कोरड्या पाचोळ्यावर पडताना हलका आवाज होतो. बहुतेक फुले पालथी पडतात, केशरी नळी आभाळाकडे करून. एक उचलून ती नळी नखाने उभी चिरली तर आत चिकटलेले दोन पुंकेसर दिसतील. तेही फुलाबरोबर खाली आलेले असतात. झाडावर मागे राहतो तो हिरवा पेला आणि त्यातला बीजांडकोश, ज्याचे पुढे नाण्यासारखे चपटे, दोन बियांचे फळ होते. संध्याकाळी उमललेल्या फुलाचे रात्रीचे काम आटोपले आणि झाडाने ते सोडून दिले, इतका साधा हिशेब आहे. जमिनीवर पडलेले फूल देवाला वाहू नये असा संकेत पाळणाऱ्या घरांतही प्राजक्ताला त्यातून सूट असते, आणि ती देणाऱ्या माणसाने हे झाड पहाटे नीट पाहिलेले असणार. तेव्हा "सकाळी झाडावर फूल नसते" ही तक्रार करू नका. रात्री झोपण्यापूर्वी झाडाखाली धुतलेली सुती चादर अंथरा आणि सात वाजायच्या आत फुले गोळा करा, कारण दहापर्यंत ती तपकिरी पडू लागतात.

फवारणीविषयी विचारले आहे म्हणून एवढेच सांगते. अनेक फुलांना म्हातारे करणारा मुख्य दूत म्हणजे इथिलीन हा वायू, जो झाड स्वतःच तयार करते. फुलांच्या व्यापारात त्याला अडवणारी रसायने वापरतात. त्यांपैकी एक चांदीच्या क्षारापासून बनते आणि ते कापलेल्या फुलांसाठी असते, गच्चीवरच्या कुंड्यांत ओतण्यासाठी नाही. तुमच्या घरात मात्र या वायूचा एक मोठा कारखाना दरवर्षी मे महिन्यात चालू होतो, तो म्हणजे आंब्याची आढी. पिकणारी फळे इथिलीन सोडतात. आढी घातलेल्या बंद खोलीत कार्नेशनची फुलदाणी ठेवली तर फुले वेळेआधी माना टाकतात, आणि दोष फूलवाल्याला दिला जातो. फुलदाणी दुसऱ्या खोलीत ठेवा. तेवढे केलेत तरी पुष्कळ झाले.

पेट्युनिया आणि फ्लॉक्स करपले यात तुमचा हलगर्जीपणा मला दिसत नाही. पेट्युनियाचे मूळ दक्षिण अमेरिकेत आणि आपण लावतो त्या हंगामी फ्लॉक्सचे टेक्ससमध्ये. आपल्या पठारावर ती निव्वळ थंडीची पिके आहेत आणि पारा ३५ अंशांच्या पुढे गेला की त्यांचा हंगाम संपतो. तुमची चूक असलीच तर वेळेच्या हिशेबात आहे. डिसेंबरात फुललेली कुंडी विकत घेणे म्हणजे गोष्ट अर्ध्यावरून वाचायला घेणे. तीच रोपे ऑक्टोबरात, हस्ताचा पाऊस ओसरल्यावर, बोटभर उंचीची आणून लावली असती, दोनदा शेंडा खुडून फुटवे वाढवले असते, तर तुम्हाला डिसेंबर ते मार्च असा सलग बहर मिळाला असता. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरते, त्यातल्या कुंड्या पाहून लोक थक्क होतात. तिथे मांडणारा प्रत्येक जण प्रदर्शनाच्या तारखेपासून उलटे दिवस मोजून बी पेरतो, गुलाब छाटतो आणि खुडणी कधी थांबवायची ते ठरवतो. गुलाब छाटल्यापासून साधारण सहा-सात आठवड्यांनी फुलतो, म्हणून ती छाटणी नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला होते.

हंगामी फुले दोन-तीन आठवडे पुढे रेटता येतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून दुपारच्या उन्हापुरती वर हिरवी जाळी धरा, पाणी सकाळी लवकर द्या, आणि सुकलेली फुले रोज खुडा. खुडण्याची रीत मात्र नीट शिकून घ्या, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. पेट्युनियाचे सुकलेले फूल चिमटीत धरून ओढले की पाकळ्यांचा कर्णा अलगद हातात येतो आणि माणसाला वाटते की काम झाले. पण हिरव्या पाकळ्यांच्या आत मोहरीपेक्षा जरा मोठा, फिकट हिरवा बीजांडकोश तसाच राहिलेला असतो, आणि झाड आपली सगळी शक्ती त्यात बी भरायला वापरते. नख त्या हिरव्या भागाच्या खाली, देठावर लावायला हवे. झाडाला बी धरू दिले नाही तर ते पुन्हा फुलते. बी धरले की त्याला फुलण्याचे कारण उरत नाही. मार्चअखेर मात्र ही रोपे उपटून खताच्या खड्ड्यात घाला. एप्रिलमध्ये त्यांना जगवण्यासाठी दिवसातून दोनदा पाणी घालणारे लोक मी पाहते, तेव्हा मला त्या रोपांचीच अधिक दया येते.

साखळी लावायची तर ज्या दोन झाडांपासून मी स्वतः सर्वात जास्त शिकले, त्यांच्याविषयी सविस्तर लिहिते: शेवंती आणि मोगरा. एकीला काळोख लागतो, दुसऱ्याला तहान.

शेवंतीला फुलण्याचा निरोप थंडीपेक्षा रात्रीकडून मिळतो. पुण्यात जूनमधला सर्वात मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरातला सर्वात लहान सुमारे अकरा तासांचा. ऑगस्टनंतर रात्र जसजशी वाढत जाते तसतशी शेवंती कळ्या धरते आणि नोव्हेंबर-डिसेंबरात फुलते. दिवस-रात्रीच्या लांबीनुसार झाडे फुलतात हे गार्नर आणि अॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवरील प्रयोगांतून दाखवले, आणि पुढे असे लक्षात आले की अशा झाडांना दिवसाच्या लांबीपेक्षा अखंड काळोखाचे तास महत्त्वाचे असतात. हे मी पुस्तकात वाचलेले होते, तरीही अनुभवाने शिकावे लागले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गृहसंकुलात मी कुंपणालगत शेवंतीचा लांब वाफा केला. नोव्हेंबरात निम्मा वाफा पिवळाधमक झाला आणि उरलेला निम्मा हिरवागार, सुदृढ आणि एकाही कळीशिवाय उभा राहिला. मी आधी रोपवाल्याला दोष दिला, मग खताला. शेवटी एकदा रात्री आठ वाजता तिथे गेले तेव्हा उलगडा झाला: फुललेल्या भागावर पाण्याच्या टाकीची सावली होती आणि न फुललेल्या भागावर नवा, पांढराशुभ्र दिवा रात्रभर जळत होता. त्या रोपांच्या लेखी जून संपलेलाच नव्हता. तुमच्या गच्चीवर रात्री दिवा असेल तर सप्टेंबरपासून शेवंतीच्या कुंड्या त्याच्या आड ठेवा, किंवा संध्याकाळी सहा ते सकाळी सातपर्यंत काळ्या कापडाने झाका. मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेली नवी रोपे, फेब्रुवारी-मार्चमध्ये वेगळे करायचे, मे-जूनमध्ये मोठ्या कुंडीत लावायचे, ऑगस्टपर्यंत शेंडे खुडायचे, आणि मग हात मागे घ्यायचा. सप्टेंबरात शेंडा खुडला तर येऊ घातलेली कळीच खुडली जाते.

मोगऱ्याच्या बाबतीत मी याहून मोठी चूक केली आहे. या कामात नवी असताना एका घरी "आम्हाला थंडीतसुद्धा मोगरा हवा" असा आग्रह झाला आणि मी तो मानला. हिवाळाभर पाणी चालू ठेवले, युरिया दिला, छाटणी केली नाही. थंडीत चार-दोन किडमिडीत फुले आली, आणि ज्या उन्हाळ्यात त्या झाडाने ओंजळी भरायच्या, त्या उन्हाळ्यात त्यावर फक्त पाने होती, गडद आणि तुकतुकीत. फळबागवाले ज्याला ताण देणे म्हणतात ते मोगऱ्यालाही हवे असते. डिसेंबरच्या मध्यापासून पाणी हळूहळू कमी करा, कुंडी पूर्ण सुकून रोप मरणार नाही इतपतच ओल ठेवा, पाने फिकट पडून गळू लागली तर घाबरू नका. जानेवारीच्या अखेरीस झाड दीडेक फुटावर छाटून टाका, उरलेली पाने काढा, वरची माती दोन बोटे उकरून चार दिवस ऊन लागू द्या, मग शेणखत आणि मूठभर नीमपेंड घालून भरपूर पाणी द्या. मोगऱ्याला फूल नव्या फुटीच्या टोकाशी येते, म्हणून जितके फुटवे तितके गजरे. मार्चच्या मध्यापर्यंत पहिल्या कळ्या दिसू लागतात. त्या कळ्या संध्याकाळी उमलतात, तेव्हा गजऱ्यासाठी त्या दुपारनंतर, घट्ट आणि पांढऱ्या असतानाच तोडायच्या, आणि ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळायच्या. पहिला बहर संपला की टोके हलकी छाटली तर दुसरा येतो. पावसाळ्यात त्याला त्याच्या मर्जीवर सोडून द्या. तेव्हा जुई असते.

तुमच्या पत्रातील एका ओळीकडे माझे विशेष लक्ष गेले: तुम्ही साडेआठला घर सोडता आणि सातनंतर परतता. असे असताना तुमच्या कठड्यावर वीस कुंड्या चिनी गुलाबाच्या आहेत, ज्याला आपल्याकडे काही लोक गंमतीने 'ऑफिस टाइम' म्हणतात! ते फूल ऊन चढल्यावर नऊ-दहाला उघडते आणि दुपार कलली की मिटते. ते आणि तुम्ही एकाच वेळी कामावर असता. लिनियसने १७५१ मध्ये फुलांच्या उघडण्या-मिटण्यावरून घड्याळ लावण्याची कल्पना मांडली होती. ती तंतोतंत साधणे अवघड, कारण ढग आणि ऋतू वेळा पुढेमागे करतात, पण तुमच्या कामापुरती ती पुरेशी आहे. फूल निवडताना रंगाच्या आधी त्याची वेळ विचारा. तुमच्यासाठी सकाळच्या वाट्याला प्राजक्त, गोकर्ण, जास्वंद आणि मॉर्निंग ग्लोरी पुरे. संध्याकाळच्या वाट्याला गुलबक्षी, जी चारच्या सुमारास उघडते आणि तुम्ही परतता तेव्हा ताजी असते, शिवाय मोगरा, निशिगंध आणि जागा असेल तर मधुमालतीचा वेल. मधुमालतीचे फूल पहिल्या संध्याकाळी पांढरे उघडते आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत गुलाबी होत लाल होते, त्यामुळे एकाच घोसात तुम्हाला आजचे, कालचे आणि परवाचे फूल शेजारीशेजारी पाहता येते. चिनी गुलाबाच्या पाच कुंड्या रविवारसाठी ठेवा आणि उरलेल्या कोणाला तरी देऊन टाका.

बत्तीस वर्षांत मला सर्वात जास्त बोलावे लागले आहे ते पावसाळ्याविषयी, कारण शहरातल्या बागा पावसाळ्यात नुसत्या हिरव्या असतात आणि त्यांचे मालक आळशी झालेले असतात. मृगाचा पाऊस बरा झाला की तेरड्याचे बी टाका. तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण फुलापुरती खरी आहे. झाडापुरती ती खोटी आहे, कारण एकेक फूल दोन-चार दिवसांत गेले तरी खोडालगत खालून वर नवी फुले येत राहतात आणि झाड महिनाभर तरी भरलेले असते. त्या दोन-चार दिवसांतही फूल रिकामे बसत नाही: आधी त्याचे पुंकेसर टोपीसारखे एकत्र चिकटून असतात, पराग देऊन झाले की ती टोपी गळते, आणि मग तिच्याखालचा स्त्रीकेसर उघडा पडतो. आधी नर, मग मादी, मग शेंग. आणि ती पिकलेली शेंग बोटाने दाबली की फट्कन वळून बिया उडवते. पोरांना हा खेळ ठाऊक असतो. भाद्रपदात अनेक घरांत तेरड्याची रोपेच गौरी म्हणून आणतात, तोवर तुमच्या कुंड्यांतली रोपे हाताएवढी झालेली असतील. जूनमध्ये रेन लिलीचे कांदेही पुरून ठेवा. जोरदार पाऊस होऊन गेला की काही दिवसांत त्या एकदम उठतात आणि एक-दोन दिवसांत पडतात. त्यांच्यासाठी वेगळी कुंडी अडवू नका, प्राजक्ताच्याच पिंपात कडेने लावा.

जमेल तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर या काळात साताऱ्याजवळच्या कास पठारावर जा, आणि शक्य असेल तर पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा जा. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ज्या स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांत कास आहे, आणि गर्दी त्यामुळे वाढली आहे, हे खरे. तरीही माळ्याने ते पाहिले पाहिजे. जांभ्या खडकावर माती इतकी उथळ आहे की खुरपे दोन-चार बोटांत खडकाला लागावे. त्या मातीत एका आठवड्यात पांढरे गेंद उठतात, दुसऱ्यात सीतेच्या आसवांची निळाई पसरते, मग तेरड्याचा गुलाबी पट्टा येतो आणि सोनकीने उतार पिवळे होतात. जागा तीच असते. पाणी किती साचले, किती ओसरले यावर कोणी फुलायचे ते ठरते. ऑक्टोबर सरता सरता तिथे वाळके गवत उरते आणि पुढचे सात-आठ महिने बी, कंद आणि गड्डे मातीत पडून असतात. तिथे कारवीही आहे, जी वर्षानुवर्षे नुसती पाने घेऊन उभी राहते, एकदाच सगळी मिळून फुलते, बी धरते आणि मरते. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कारवी २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. ज्यांना वर्षातून एका रात्रीचे ब्रह्मकमळ फार कंजूष वाटते, त्यांनी कारवीशी तुलना करून पाहावी.

आता तुमच्या साठ कुंड्यांची मांडणी. पुढच्या दोन रांगांत, जिथे तुमची खुर्ची असते, तिथे फक्त त्या महिन्यात फुलणाऱ्या पंधरा-वीस कुंड्या ठेवा. बाकीच्या पाण्याच्या टाकीमागे न्या आणि त्या जागेला विश्रांतीची जागा समजा. ताण दिलेला मोगरा, छाटलेला गुलाब, पाने गाळलेला देवचाफा, मुनवे काढलेली शेवंती, ही सगळी तिथे आपापली कामे करत राहतील आणि कळ्या दिसल्या की पुढे येतील. देवचाफ्याला तर ही विश्रांती इतकी मानवते की पानांची वाटही न पाहता तो फुलू लागतो. या अदलाबदलीत एकच कुंडी हलवू नका, आणि ती म्हणजे ब्रह्मकमळाची. कळी धरल्यावर उजेडाची दिशा बदलली तर ती गळण्याची भीती असते.

आपण घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते मुळात मेक्सिकोकडचे, झाडांवर वाढणारे निवडुंग आहे, आणि आपण ज्यांना त्याची पाने म्हणतो ती चपटी झालेली खोडे आहेत, म्हणून कळी पानाच्या कडेतून फुटल्यासारखी दिसते. हिमालयातले ब्रह्मकमळ हे अगदी वेगळ्या कुळातले झाड आहे. आपल्याकडच्या झाडाला गार सावली, भुसभुशीत माती आणि पावसाळ्यातली दमट हवा मिळाली की जून ते ऑक्टोबरदरम्यान कळ्या येतात. कळी आधी खाली लोंबते. फुलण्याच्या एक-दोन दिवस आधी तिचा देठ आकड्यासारखा वळतो आणि कळी मान वर उचलते; ती फुगलेली, टोकाला किंचित सैल दिसली की त्या रात्री ती उमलणार असे समजा. आठ-नऊच्या सुमारास टोक उघडते, आणि एकटक पाहत राहिलात तर पाकळ्या मधूनमधून थरथरून मागे सरकताना दिसतात. वास आधी येतो, फूल मागाहून पूर्ण उघडते. हा सगळा पसारा रात्री उडणाऱ्या मोठ्या पतंगांसाठी आहे, आणि आपण त्यात आगंतुक. तुम्ही गेल्या वर्षी ते सकाळी साडेसहाला पाहिलेत, म्हणजे सगळे उरकून गेल्यावर.

यंदा कळीने मान उचलली की त्या संध्याकाळी कुठे जायचे ठरवू नका. कुंडीवरचा दिवा बंद करा, खुर्च्या वर न्या, खालच्या मजल्यावरच्या आजींना आधीच सांगून ठेवा, कारण त्यांना जिना चढायला वेळ लागेल. आणि साडेदहाच्या आत फोटो काढून खाली जाऊ नका. तोवर ते जेमतेम अर्धे उघडलेले असते.